गुरुवारची सुट्टी आणि व्याह्यांची बोट

चिखलीच्या रोहिदासभाऊंबरोबर सहलीला जाणं म्हणजे शिक्षा, असं त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. माणसं डोंगरावर गेली की वारा खातात, फोटो काढतात. भाऊ पायऱ्या मोजतात. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख टाकीवर शोधतात, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का हे बघायला कौशल्याबाईंना आत पाठवतात. "मी बायको हाय का तुमची हेल्पर?" असं त्या विचारतात, पण कडी मात्र बघून येतात.

यात भाऊंचा फारसा दोष नाही. आष्टीकडून आयटीआय करून आलेला हा माणूस सव्वीस वर्षं, आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल मापायचा आणि ओकेचा शिक्का मारायचा, नाहीतर लाल टॅग लावून बाजूला काढायचा. सव्वीस वर्षं असं केल्यावर माणूस सूर्यास्तही जरा संशयानेच बघतो.

आता अशा माणसाने प्रवासाचा ब्लॉग लिहावा हा योगायोगच. झालं असं, की कारखान्यातल्या कुणीतरी भाऊंना एका डोंगरावरच्या लेणीबद्दलचा लेख पाठवला. लेख गोड होता, पण त्यातला पायऱ्यांचा आकडा चुकला होता. भाऊंनी खाली साडेचारशे शब्दांची प्रतिक्रिया लिहिली. पायऱ्या किती, त्यातल्या तुटक्या किती, म्हाताऱ्या माणसाला बसायला सावली कुठे आणि वर चहा मिळतो तो कुठल्या वारी मिळत नाही, असं सगळं. ज्या संकेतस्थळावर तो लेख होता त्याचं नाव 'उंबरठ्याबाहेर'. ताथवड्याला राहणारी, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी उत्कर्षा ते हौसेने चालवायची. अकरा जणांचे ब्लॉग एका छपराखाली. तिने भाऊंना लिहिलं, "काका, लेखापेक्षा तुमची प्रतिक्रिया चांगली आहे. तुम्ही बारावे व्हाल का?"

भाऊंनी आपल्या ब्लॉगला नाव दिलं 'गुरुवारची सुट्टी'. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या जगाचा शनिवार-रविवार होतो तेव्हा ही माणसं शिफ्टला असतात, आणि ही बायकापोरं घेऊन बाहेर पडतात तेव्हा जगाचं दुकान अर्धं मिटलेलं असतं. हॉटेलात आचारी नसतो, बागेतलं कारंजं बंद असतं, तिकीटवाला जेवायला गेलेला असतो. भाऊ फक्त गुरुवारी जायचे आणि गुरुवारी जे दिसेल तेच लिहायचे. लेखाखाली स्वतःचा फोन नंबर द्यायचे, "चूक आढळल्यास कळवावे" अशा ओळीसकट. चाकणपासून तळवड्यापर्यंतच्या कामगारांनी हे लेख अक्षरशः डोक्यावर घेतले. भाऊंनी 'जा' म्हटलं की लोक जायचे.

उत्कर्षाचे नियम तीनच होते. लेखकाचं मत कुणी बदलायचं नाही. तीसुद्धा फक्त शुद्धलेखन बघणार. जिथे लेखकाचं नातं असेल, पाहुणचार घेतला असेल किंवा काही फुकट मिळालं असेल, तिथे ते लेखाच्या डोक्यावरच सांगायचं, लपवलं तर तीन महिने लेख बंद. आणि एकदा छापलेला लेख गुपचूप बदलायचा नाही, गुपचूप काढायचाही नाही. चूक झाली तर तिथेच तारीख घालून दुरुस्ती लिहायची. हा तिसरा नियम वाचून भाऊंचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. कारखान्यातही हेच. रिपोर्टवर व्हाइटनर चालत नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, आणि बाजूला सही. "ही पोरगी आपल्यातली हाय," असं त्यांनी कौशल्याबाईंना सांगितलं.

आता या गोष्टीतला पेच. भाऊंची एकुलती एक मुलगी अपेक्षा. ताथवड्याच्या कॉलेजात शिकताना तिचं रणजीतशी जमलं आणि दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. रणजीतचं घर खेड तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं शेतकरी. थोडी जमीन कारखान्यांसाठी गेली, उरलेली धरणाच्या फुगवट्याला लागून होती. रणजीतचे वडील साहेबराव, घरच्यांचे अण्णा, हुशार माणूस. त्यांनी तिथे कृषी पर्यटन केंद्र काढलं. झाडाखाली बाजा, चुलीवरचं जेवण, बैलगाडी आणि पाण्यात फिरवायला एक मोटारबोट. नाव ठेवलं 'साहेबरावांचा मळा'. त्यात कसलाही आडपडदा नाही.

उघडल्यावर महिन्याभरात भाऊ तिथे गेले. गुरुवारीच गेले. व्याही म्हणून दोन दिवस आधी फोन केला होता, तो शिष्टाचार झाला. आणि आष्टीकडची जुनी रीत अशी, की लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. जगाने ही रीत कधीच गुंडाळून ठेवली, भाऊंनी मात्र पाळली. मळ्यात ते जेवले ते तिकीट काढून, चार लोकांसारखे. साहेबराव चिडले, मग हसले. "आरं, ह्या पाव्हण्याला पाण्याच्या बाटलीचंबी बिल द्या रं!" असं ओरडून त्यांनी खरोखरच बिल दिलं. भाऊंनी ते नीट घडी घालून खिशात ठेवलं.

बोटीत बसताना भाऊंनी जीवरक्षक जाकिटाचा पट्टा तीनदा ओढून पाहिला. नवाकोरा होता. बोटवाला भीमराज तरबेज होता. घरी येऊन भाऊंनी भरभरून लेख लिहिला. लेख पाठवताना उत्कर्षाचा अर्ज भरावा लागायचा. पाहुणचार घेतला का? "नाही. बिल जोडले आहे." ठिकाण चालवणाऱ्यांशी नातं किंवा व्यवहार आहे का?

इथे भाऊ थबकले. व्याह्याचं नाव सांगावं तर लोक म्हणणार, घरचीच टिमकी वाजवतोय. आणि आपण तर तिथे पाणीसुद्धा विकत प्यायलो! जो बाप लेकीच्या दारचा घोट घेत नाही त्याचा तिथे कसला आलाय लागाबांधा? त्यांनी लिहिलं, "नाही."

चुकले. साधे नाही, सपशेल चुकले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या रिपोर्टातली खोट काढणाऱ्या माणसाने आपल्या रिपोर्टात हातानं खोट घातली, आणि वर बिल जोडलं. पण त्या दिवशी ते त्यांना खरोखरच सरळ वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

लेख गाजला. मळ्यात गुरुवारी गर्दी होऊ लागली. साहेबरावांनी खूश होऊन 'उंबरठ्याबाहेर'वर मळ्याची जाहिरातही दिली. उत्कर्षाला वर्षभरात मिळालेली ती पहिली धड जाहिरात.

एप्रिलमध्ये भाऊंना एका बाईचा फोन आला. कस्तुरा तिचं नाव. चाकणजवळ पॅकिंगच्या लाइनवर कामाला.

"दादा, तुमचं वाचून गेलतो आमी मळ्याला. गुरुवारीच. नवरा, मी न्‌ आठ वर्साची पोरगी. बोट मधी न्हेली न्‌ बंद पडली. तिथला वॉचमनच चालवत व्हता. तासभर नुसतं हेलकावं. पोरगी वाकून पानी बघतीया आन्‌ तिच्या अंगावर काय बी न्हाई. जाकिटं मागितली तर म्हनला न्हाईत. मी पोरीला कवटाळून बसले व्हते, दादा."

"न्हाईत म्हणाला?"

"तुमी लिवलं होतं, पट्टं नवं हायेत, वडून बगितलं म्हनून. तुमी कुटं बगितलं, दादा?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. भाऊंना कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी ते न सांगता, एकटेच, मोटारसायकलवरून मळ्यावर गेले. घाटावर वॉचमन चिमाजी बिडी ओढत बसला होता. त्यांना पाहून तो गडबडला.

"अवो पाव्हणं, कळवायचं तरी! भीमराजला बोलावून घेतला आसता."

"भीमराज न्हाई का आज?"

"त्यो शनवार-रविवारचा गडी. गुरुवारी कोन येतंय म्हनून ठिवला न्हाई. आता याया लागलेत लोक, तर मीच चालवतो थोडी थोडी. जाकिटं कपाटात हायत, चावी त्याच्याकडं."

"मग मी आलो होतो तेव्हा?"

चिमाजी हसला. त्या हसण्यात कौतुकच होतं. "तवा मालकांनी मुद्दाम गाडी धाडून आणला होता त्याला. म्हनले, इवाई येत्यात, मानपानात कमी पडाया नको. जाकिटंबी त्याच दिशी फोडली पिशवीतनं."

भाऊ घाटाच्या दगडावर बसले. कंपन्यांत ऑडिटच्या आदल्या दिवशी काय चालतं हे त्यांना पाठ होतं. रंगरंगोटी होते, फाटके हातमोजे लपतात, कारखान्याचं देऊळ होतं. बाहेरच्या ऑडिटरांची त्यांनी किती टिंगल केली होती. आणि इथे ते स्वतः फोन करून, तारीख देऊन आले होते. पाहुणचार ताटात असतो असं ते धरून चालले होते, म्हणून ताटाचं बिल भरलं. पाहुणचार बोटीत बसून त्यांची वाट बघत होता.

तिथून ते व्याह्यांच्या घरी गेले. अपेक्षा तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते, ती कामावर होती. साहेबराव आणि रणजीत घरी होते. भाऊंनी सगळं सांगितलं. साहेबराव काही वाईट माणूस नाहीत. ते ऐकून पांढरे पडले, त्यांनी तिथल्या तिथे चिमाजीला फोन करून बोट बांधून ठेवायला सांगितली.

"चूक झाली, पाव्हणं. उद्याच्याला दुसरा गडी बगतो, कपाट उघडं ठिवतो. पर ते लिवलेलं तुमी काढून टाका. घरातली गोष्ट घरात ऱ्हाईल."

"काढता येत नाही, साहेबराव. गुपचूप न्हाईच काढता येत. दुरुस्ती लिहावी लागेल, काय झालं ते सांगून."

"म्हंजी पेपरात दिल्यागत? आन्‌ मग येतंय कोन? आठ मानसं पोटाला लागल्यात ह्या मळ्यावर." साहेबराव थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमी लेकीवानी ठिवलीया तुमची पोर, पाव्हणं."

ती धमकी नव्हती, विनवणीच असावी. पण मुलीच्या बापाचे कान वेगळे असतात. भाऊंनी रणजीतकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

त्याच संध्याकाळी भाऊंनी उत्कर्षाला फोन केला. आधी साहेबरावांचा फोन येऊन गेला होता तिला. लेख ठेवला तर जाहिरात बंद, असं ते स्पष्ट बोलले होते, आणि जाहिरात आणि लेख ही दोन वेगळी खाती आहेत, असं तीही स्पष्ट बोलली होती. मग भाऊंनी तिला नात्याबद्दल सांगितलं.

"काका, लेख तुमचा आहे. दुरुस्तीत काय लिहायचं ते मी सांगणार नाही, आणि तुमच्या व्याह्यांनीही सांगायचं नाही. पण नातं लपवलंत. ते लेखाच्या डोक्यावर जाणार. आणि नियमाप्रमाणे तीन महिने तुमचं नवीन काही लागणार नाही."

"बरोबर हाय, बाई."

"बरोबर काय!" ती एकदम चिडली. "हा नियम केला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी लबाड माणूस होता. तुम्ही नव्हता."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साडेदहाच्या चहाला कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून भाऊंनी दुरुस्ती लिहिली. लिहिता लिहिता फोन थरथरला. अपेक्षा. त्यांनी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा अपेक्षा. भाऊंनी फोनकडे नुसतं पाहिलं. ती रडली तर आपला हात चालणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती 'काढा' म्हणाली तर आपण काढू, हेही ठाऊक होतं. फोन शांत झाल्यावर त्यांनी मजकूर पाठवून दिला.

"मळ्याचे मालक माझे व्याही आहेत. हे मी लपवले. मी येणार हे त्यांना आधी माहीत होते, म्हणून त्या दिवशी बोटवाला व जाकिटे हजर होती. एरवी गुरुवारी दोन्ही नसतात. काल गुरुवारी मी स्वतः पाहिले. माझ्या लेखावर विश्वास ठेवून एक कुटुंब विनाजाकीट पाण्यात गेले व अडकले. ते सुखरूप आले यात माझे काही श्रेय नाही. गुरुवारी जाकिटे मिळत असल्याची खात्री होईपर्यंत बोटीत बसू नये. जेवण चांगले आहे, ते खरे लिहिले होते."

शेवटची ओळ वाचून उत्कर्षाला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही. तिने एक वेलांटी सुधारली आणि छापलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. कुणी भाऊंना देव केलं, कुणी भामटा म्हटलं. साहेबरावांनी जाहिरात काढून घेतली आणि बोलणं टाकलं. कौशल्याबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी बोलल्या ते एवढंच, की "बोटीचं कळलं मला, ते बरोबरच हाय. पण पोरीचं काय होईल तिथं, ह्याचा इच्यार केलात का?" भाऊंनी दुसरा कसला विचारच केला नव्हता. अपेक्षाचा पुन्हा फोन आला नाही. यांनीही केला नाही. कामावर मापं घेताना भाऊंच्या मनात तेच चालायचं. तिला कुणी टाकून बोलत असेल का? जेवताना सगळे गप्प बसत असतील का? एकदा तर त्यांनी चांगल्या मालाला लाल टॅग लावला, असं सव्वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दारात स्कूटर थांबली. अपेक्षा एकटीच आली होती. आईच्या हातात भाजीची पिशवी देऊन ती वडिलांच्या समोर येऊन बसली.

"अण्णा तुमच्याबद्दल बोलत नाहीत," ती म्हणाली. "माझ्याशी बोलतात, तेही जपून. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी घराची अब्रू वेशीला टांगली. मी ऐकून घेतलं."

"त्रास देतात का तुला?"

"नाही, पप्पा. माणसं चांगली आहेत ती. लाज वाटते त्यांना, म्हणून चिडलेत. बोट अजून बांधलेलीच आहे, नवा माणूस मिळेपर्यंत." ती थांबली. "मी दोनदा फोन केला होता तुम्हाला."

"हो."

"तुम्ही बघितला होता?"

भाऊंना खोटं बोलता आलं असतं. चहाच्या सुट्टीत फोन लॉकरमध्ये होता, एवढं पुरलं असतं.

"बघितला होता," ते म्हणाले. "उचलला न्हाई."

अपेक्षाचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "तुमच्या त्या संकेतस्थळावर लेखकाचं एक वाक्य त्याला विचारल्याशिवाय कुणी हलवत नाही, असं तुम्ही मला कितीदा अभिमानाने सांगितलंत. माझं अख्खं घर हलवताना मला एकदा तरी विचारायचं होतं. मला रणजीतने सकाळी सांगितलं. मी वर्गाबाहेर उभी राहून तुम्हाला फोन लावत होते."

"मला वाटलं, तू म्हणशील काढा."

"आठ वर्षांची पोर होती त्या बोटीत, पप्पा. मी तुम्हाला सांगायला फोन करत होते, की अण्णा काहीही म्हणोत, तुम्ही लिहा. माझी काळजी करू नका, लिहा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. सव्वीस वर्षं लोकांच्या मालावर शिक्के मारणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीला न तपासताच लाल टॅग लावून बाजूला ठेवलं होतं. त्यांनी हात जोडल्यासारखे केले, तर अपेक्षाने ते हात धरून खाली घेतले.

"चुकलं माझं, बाळा."

"चुकलंच," ती म्हणाली आणि नाक पुसून आईला हाक मारली, "आई, मी जेवून जाणार आहे."